लढाऊ विमानांचे लोहार : जोड, रिव्हेट आणि वेल्डिंग यांचा इतिहास



लढाऊ विमानांचा इतिहास म्हटला की डोळ्यांसमोर वैमानिक येतो. फार तर विमानाचा आराखडा काढणारा अभियंता येतो. आज आपण तिसऱ्या माणसाबद्दल बोलणार आहोत. तो विमानात बसत नाही आणि आराखडाही काढत नाही. तो हँगरच्या मागच्या वर्कशॉपमध्ये असतो. पत्रा कापतो, वाकवतो, रिव्हेट मारतो, वेल्डिंग करतो, लेथवर नवा बुश कातून देतो, अडकून बसलेला बोल्ट आजूबाजूच्या पत्र्याला धक्का न लावता बाहेर काढतो. भारतीय हवाई दलात अशा कामाच्या एका ट्रेडचं नाव 'वर्कशॉप फिटर, स्मिथ' असं आहे. स्मिथ म्हणजे लोहार. आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानांच्या जगात लोहार हा शब्द टिकून राहिला, याचं आम्हाला नेहमी कौतुक वाटतं. अमेरिकन हवाई दलात लेथवाला आणि वेल्डर हे पूर्वी वेगळे होते. पुढे दोघांना एकत्र करून 'एअरक्राफ्ट मेटल्स टेक्नॉलॉजी' असं भारदस्त नाव दिलं गेलं. काम मात्र तेच.

आजचा मुद्दा थोडक्यात सांगतो. विमानाचा धातू बदलला की प्रत्येक वेळी या कारागिराला आधीचं बरंचसं विसरून नव्याने शिकावं लागलं. आणि एखाद्या देशाकडे हवाई दल आहे की नुसती विमानांची यादी आहे, हे अनेकदा याच माणसाच्या हातांवर ठरलं. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्याच देशातलं आहे, कानपूरचं. तिथे पोचण्याआधी थोडं मागे जाऊ या.

१९०३ साली राइट बंधूंचं विमान उडालं तेव्हा त्यात धातू फारसा नव्हताच. सांगाडा लाकडाचा, वर कापड, आणि ताणायला तारा. धातूचं मोठं काम एकच, इंजिन. ते बनवलं चार्ली टेलर नावाच्या त्यांच्या मेकॅनिकने, डेटन गावातल्या सायकलच्या दुकानात, साधारण सहा आठवड्यांत. इंजिनाचा मुख्य ठोकळा त्याने अॅल्युमिनियमचा ओतून घेतला होता, वजन कमी व्हावं म्हणून. जगातला पहिला विमान-मेकॅनिक हा असा सायकलच्या दुकानातला कारागीर होता. विमानाच्या सांगाड्याचं काम मात्र पुढची दहा-बारा वर्षं सुतार, शिंपी आणि तारा ताणणारे यांच्याकडेच राहिलं.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये ऑक्सिजन आणि अॅसिटिलिन एकत्र जाळणारा टॉर्च तयार झाला. त्याची ज्योत ३,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. लोखंड वितळतं सुमारे १,५०० अंशांना. म्हणजे हातात धरता येईल अशा नळीच्या टोकावर आता पोलाद पाण्यासारखं करण्याची ताकद आली. भट्टी नको, घण नको.

ही ताकद विमानाकडे वळवली ती अँथनी फोकर या डच माणसाने, जर्मनीतल्या आपल्या कारखान्यात. १९१२ साली त्याच्याकडे राइनहोल्ड प्लाट्झ नावाचा एक वेल्डर कामाला लागला. फोकरच्या विमानांचा धडाचा सांगाडा पोलादी नळ्या वेल्ड करून बनू लागला. याचा फायदा काय? लाकडी सांगाडा ओलाव्याने फुगतो, उन्हाने आकसतो, तारा सैल पडतात आणि पुन्हा पुन्हा ताणाव्या लागतात. वेल्ड केलेली चौकट जशी बनवली तशी राहते. शिवाय गोळी लागून एखादी नळी तुटली, तर तेवढी कापून दुसरी जोडता येते.

प्लाट्झ पुढे त्याच कारखान्यात फार वरच्या जागी गेला. १९१८ सालच्या फोकर डी-७ या विमानाच्या रचनेत त्याचा वाटा नेमका किती, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण ते विमान वेल्डरच्या हाताने शक्य झालं, यात वाद नाही. आणि त्या विमानाची धास्ती किती होती? ११ नोव्हेंबर १९१८ च्या युद्धविरामाच्या अटींमध्ये जर्मनीने कोणती शस्त्रं सोपवायची याची यादी आहे. त्यात विमानांच्या कलमात डी-७ हे नाव मुद्दाम घातलेलं आहे. ही सगळी विमानं आधी आमच्या ताब्यात द्या, असं जेत्यांनी लिहून घेतलं.

आता इथे तुम्हाला वाटेल की पुढची सगळी विमानं वेल्डिंगनेच बनली असतील. तसं झालं नाही. उलटंच झालं, आणि त्याचं कारण फार गमतीचं आहे.

आल्फ्रेड विल्म हा जर्मन धातुशास्त्रज्ञ १९०६ च्या सुमारास अॅल्युमिनियमचा कडक मिश्रधातू शोधत होता. अॅल्युमिनियम हलकं खरं, पण मऊ. त्याने त्यात सुमारे ४ टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलं, तापवलं, पाण्यात विझवलं. पोलाद असं विझवलं की लगेच कडक होतं. हा धातू झाला नाही. गोष्ट अशी सांगतात की शनिवारी काम अर्धवट राहिलं, आणि सोमवारी मोजमाप घेतलं तर तोच तुकडा कितीतरी कडक झालेला. काही न करता, नुसता पडून राहून. यालाच आज 'एज हार्डनिंग' म्हणतात. ड्यूरेन गावच्या कारखान्यात तो बनू लागला म्हणून त्याचं नाव पडलं ड्युरल्युमिन. दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक विमानांची कातडी याच घराण्यातल्या मिश्रधातूंची आहे.

पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला हे सगळं समजावून सांगायची फारशी गरज पडणार नाही. तांब्याच्या हंड्याला मठारकाम केलं की भांडं कडक होतं, आणि आगीत घातलं की पुन्हा मऊ पडतं, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. ड्युरल्युमिनची गोष्ट त्याच जातीची आहे. त्याची ताकद आतल्या अतिसूक्ष्म रचनेत दडलेली असते. तिच्यावर ज्योत धरली की ती रचना मोडते. वरून जोड कितीही सुबक दिसो, आजूबाजूचा पट्टा मऊ पडलेला असतो, किंवा थंड होताना त्यात केसासारखी भेग जाते. त्यात अॅल्युमिनियमची आणखी एक खोड. लोखंड वितळण्याआधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. रंग बघून हात आवरता येतो. अॅल्युमिनियम रंग दाखवत नाही. दिसायला जसंच्या तसं असतं आणि अचानक समोरून खाली गळून पडतं. त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला २,००० अंशांच्या वर उष्णता लागते, आणि आतला धातू ६६० अंशांनाच पातळ होतो. लोखंडावर शिकलेला वेल्डर इथे हमखास फसतो.

म्हणून विमानाचा पत्रा रिव्हेटने जोडायचा, असं ठरलं. या कामाला दोन माणसं लागतात. एक बाहेरून रिव्हेट गन चालवतो, दुसरा आतून लोखंडाचा जड ठोकळा रिव्हेटच्या शेपटीला लावून धरतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. मधे पत्रा असतो, आवाजात बोलणं ऐकू येत नाही, आणि तरी दाब सारखा पडायला हवा. काही मिश्रधातूंचे रिव्हेट तर बर्फात ठेवावे लागत. कारण विल्मचीच गोष्ट : विझवल्यावर ते मऊ असतात आणि हळूहळू कडक होत जातात. थंडीत ही क्रिया जवळजवळ थांबते. पेटीतून काढले की थोड्या वेळात मारून टाकायचे. उशीर झाला की ते मारताना तडकतात. युद्धकाळात इंग्लंड-अमेरिकेतल्या लाखो बायका हे काम शिकल्या आणि त्यांनी ते पुरुषांइतकंच चोख केलं.

ज्योत मात्र पूर्ण गेली नाही. इंजिन ज्याच्यावर बसतं ती चौकट, चाकांचे काही भाग, एक्झॉस्टच्या नळ्या हे पोलादी राहिलं आणि वेल्डरकडेच राहिलं. त्यामुळे या कारागिराच्या ज्ञानाचा गाभा बदलला. कसं जोडायचं हे तर हवंच. पण कुठे ज्योत लावायची नाही, हे आधी कळायला हवं. आमच्या मते या धंद्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल हाच.

आता कानपूर.

त्याची पार्श्वभूमी बंगळुरूत आहे. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. विमानं बनवायची, हे त्यांचं स्वप्न. पण जपान युद्धात उतरला आणि सरकारला विमानं बनवण्यापेक्षा दुरुस्त करण्याची घाई झाली. १९४३ मध्ये कारखान्याचा ताबा अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाकडे गेला आणि तिथे त्यांचा ८४ वा एअर डेपो उभा राहिला. बॉम्बफेकी, मालवाहू, समुद्रावर उतरणारी, अशी नाना तऱ्हेची विमानं तिथे येत आणि नीट होऊन जात. हजारो भारतीय कामगारांनी ते काम केलं. वालचंदांना हवा होता विमानांचा कारखाना. युद्धाने त्यांना दिली दुरुस्तीची शाळा. त्या शाळेचं मोल पुढे पाचच वर्षांत कळलं.

युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाई दलाकडे भारतात बरीच लिबरेटर विमानं होती. लिबरेटर म्हणजे चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बफेकी विमान. पंखांची लांबी ११० फूट, एकेका विमानात तीन लाखांहून अधिक रिव्हेट. ही विमानं अमेरिकेने उसनवारीच्या करारावर दिलेली होती. ती परत न्यायची नव्हती, आणि इथे कुणाच्या वापरात यावीत असंही नव्हतं. म्हणून कानपूरजवळ चकेरीला ती गोळा केली गेली आणि मुद्दाम मोडली गेली. कुणाच्या अंगावर अवजड गाड्या घातल्या, कुणाची उपकरणं फोडली, कुणाच्या इंजिनात वाळू ओतली. नंतर पावसाळे गेले. विमानांभोवती गवत वाढलं.

१९४८ साली नव्या भारताकडे एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हतं. काश्मीरमध्ये लढाई चालू होती आणि परदेशातून विमानं घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा हवाई दलाने हिंदुस्तान एअरक्राफ्टला विचारलं, की या भंगारातून काही उभं राहील का?

श्रोतेहो, हा प्रश्न शेवटी पत्र्याच्या कारागिरालाच विचारलेला होता. इंजिन दुसरं मिळू शकतं. उपकरणं दुसरी बसवता येतात. पण चेपलेलं धड, फाटलेला पंख, वाकलेला आतला कणा यातलं काय वाचेल आणि काय नाही, हे ठरवायला तिथे उभं राहून हात फिरवून बघावं लागतं. अशा कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आधी खराब झालेल्या भागाचे रिव्हेट एकेक करून डोकं छेदून काढायचे, भोक मोठं होऊ न देता. भेग गेलेली असेल तर तिच्या टोकाशी एक छोटं गोल भोक पाडायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण भेग टोकदार असते म्हणून पुढे पळते. गोल भोकापाशी तिचा जोर विखुरतो आणि ती थांबते. मग खराब तुकडा कापायचा, कोपरे गोलाकार ठेवून. त्याच मिश्रधातूचं, निदान त्याच जाडीचं ठिगळ बनवायचं. रिव्हेट ठिगळाच्या काठापासून ठरावीक अंतर आत ठेवायचे. फार काठाला गेले तर पत्रा फाटतो. ठिगळ कमजोर असून चालत नाही, तसंच ते गरजेपेक्षा ताठ असूनही चालत नाही, कारण मग सगळा ताण शेजारच्या पत्र्यावर जातो. गोधडीला ठिगळ लावणाऱ्या बाईला हे बरोबर समजेल. जुन्या लुगड्याला नवं कोरं जाड कापड लावलं, तर फाटतं ते लुगडंच.

कानपूरला एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावत, बंगळुरूपर्यंत एकदाच उडता येईल एवढंच प्रत्येक विमान नीट केलं गेलं. पुरी दुरुस्ती तिकडे. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ही अर्धीमुर्धी सांधलेली विमानं उडवत नेली. त्यांच्या धाडसाबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण धाडसाला आधार कशाचा होता? हा जोड धरेल, असं ज्याने सांगितलं त्याच्या शब्दाचा. त्या कारागिरांची नावं मात्र कुणी लिहून ठेवलेली आमच्या वाचनात नाहीत.

अशी सुमारे ४० लिबरेटर विमानं पुन्हा उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची ५ नंबरची स्क्वाड्रन त्यांच्यावर उभारली गेली. नंतर ६ नंबरची स्क्वाड्रन समुद्रावर टेहळणीसाठी ही विमानं वापरू लागली. आणि ती चालली किती? १९६८ पर्यंत. वीस वर्षं. अमेरिकेने अशी १८ हजारांहून अधिक विमानं बनवली होती; युद्धानंतर त्यांतली बहुतेक वितळवून टाकली गेली. पुढे कॅनडा, अमेरिका, ब्रिटन इथल्या संग्रहालयांना जेव्हा एखादं लिबरेटर हवं झालं, तेव्हा ते भारताकडे आले. त्यांतली काही विमानं इथून चक्क उडत गेली. ज्यांना कायमचं मोडून ठेवलं होतं, ती अर्धी पृथ्वी ओलांडून गेली. एक विमान आपल्याकडे दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे.

यानंतर जेटचं युग आलं आणि कारागिरापुढे नवा शत्रू उभा राहिला : उष्णता. आवाजाच्या तिप्पट वेगाने उडताना हवेच्या घर्षणाने विमानाची कातडी ३०० अंशांच्या घरात तापते. तिथे ड्युरल्युमिनची ताकद संपते. या एकाच प्रश्नाची अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी दोन वेगळी उत्तरं काढली, आणि दोन्ही वेल्डरच्या टेबलावर ठरली.

अमेरिकेत लॉकहीड कंपनीने ब्लॅकबर्ड घराण्यातली विमानं टायटेनियमची बनवली. टायटेनियम हलकं, मजबूत, उष्णतेला न डरणारं. पण तापलं की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतं आणि काचेसारखं ठिसूळ होतं. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना आर्गॉन वायूचं पांघरूण धरावं लागतं. याची वाट आधीच तयार झाली होती. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्थ्रॉप कंपनीतल्या रसेल मेरेडिथने, चटकन पेट घेणाऱ्या मॅग्नेशियमसाठी, हेलियम वायूच्या आवरणात टंगस्टनच्या टोकाने वेल्डिंग करण्याची रीत बसवली. आज आपल्याकडे गल्लोगल्ली ज्याला 'आर्गॉन वेल्डिंग' म्हणतात, तिचा जन्म लढाऊ विमानाच्या गरजेतून झाला. टायटेनियमचा जोड आपली परीक्षा स्वतःच सांगतो. चांदीसारखा चकाकला तर उत्तम. फिकट सोनेरी असला तर चालेल. निळा पडला तर शंका. पांढरट राखाडी भुकटी आली तर कापून फेकून द्या.

आणि तरीही लॉकहीडचे जोड निकामी होऊ लागले. लक्षात आलं असं की उन्हाळ्यात बनवलेले भाग लवकर तुटतात, हिवाळ्यातले टिकतात. वेल्डर तेच, रीत तीच. शोध घेत घेत गाडी पाण्यापर्यंत आली. शेवाळ होऊ नये म्हणून बरबँक शहराच्या नळाच्या पाण्यात उन्हाळ्यात जास्त क्लोरिन घालत, आणि भाग धुवायला तेच पाणी वापरलं जाई. मग ऊर्ध्वपातित पाणी वापरायला लागले. तसंच कॅडमियमचा मुलामा असलेल्या पान्यांनी बोल्ट आवळले, की तापल्यावर त्यांची डोकी तुटून पडत. ते पाने शोधून शोधून पेटीतून काढून टाकावे लागले.

सोव्हिएत संघाने मिग-२५ बनवताना दुसरा रस्ता घेतला. मुख्यतः निकेलयुक्त पोलाद वापरलं आणि ते वेल्ड केलं. विमान जड झालं, पण सामान्य कारखान्यातल्या वेल्डरला ते बनवता आलं, दुरुस्त करता आलं. सप्टेंबर १९७६ मध्ये व्हिक्टर बेलेन्को हा वैमानिक असं एक विमान घेऊन जपानमध्ये हाकोदातेला उतरला. अमेरिकन तज्ज्ञांनी ते उघडलं, तर हाताने केलेले वेल्ड आणि वर आलेली रिव्हेटची डोकी पाहून काहींना हसू आलं. नीट पाहिल्यावर कळलं, की जिथे हवेला फरक पडत नाही तिथेच रिव्हेट वर ठेवले होते. आपल्याकडे किती वेल्डर आहेत आणि ते काय करू शकतात, याचा हिशेब आराखडा काढतानाच झाला होता. भारतीय हवाई दलानेही ही विमानं १९८१ पासून २००६ पर्यंत बरेलीहून उडवली.

आणि आपला महाराष्ट्र? १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला मिग-२१ विमानांचा कारखाना सुरू झाला. इंजिनं कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, आणि विमानाचं अंग ओझरला, अशी वाटणी होती. आधी रशियाहून आलेले भाग जोडायचे, मग हळूहळू कच्च्या मालापासून बनवायचे. नंतर तिथे मिग-२७ आणि सुखोई-३० झाली. सुखोईच्या सांगाड्यात टायटेनियमचे वेल्ड केलेले भाग आहेत. शेजारीच हवाई दलाचा ११ नंबरचा बेस रिपेअर डेपो. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांच्या मधोमध दोन-तीन पिढ्यांनी हे काम शिकलं. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा वैमानिकांच्या आठवणी भरपूर छापून आल्या. साठ वर्षं ते विमान उडतं ठेवणाऱ्यांबद्दल त्या मानाने फार कमी.

आता धातू पुन्हा बदलतो आहे. तेजस विमानाच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के कार्बन फायबरचे संमिश्र पदार्थ आहेत. त्याला रिव्हेटची गन नको, ज्योत तर मुळीच नको. इंजिनाचा गरम भाग, चाकांचे पाय हे धातूचेच राहतील. पण पत्र्याचं काम कमी होत जाणार. प्लाट्झच्या वेळच्या सुताराला जसं वाटलं असेल, तसं काहीसं आज पत्रा कामगाराला वाटत असेल.

म्हणून आम्हाला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. या कामातलं बरंचसं ज्ञान पुस्तकात असतं : कुठल्या मिश्रधातूला किती अंश, काठापासून किती अंतर. पण जोडाच्या रंगावरून संशय येणं, गनच्या आवाजावरून रिव्हेट नीट बसला नाही हे ओळखणं, उन्हाळा आणि तुटलेला जोड यांचा संबंध लावणं, हे हाताबरोबर जातं. ओझरला, बंगळुरूला, कानपूरला असे निवृत्त कारागीर आज आहेत. त्यांच्याशी बोलून, त्यांचं काम त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करून ठेवणं ही काही खर्चाची गोष्ट नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात, शेजारात असं कुणी असेल, त्यांनी ते जरूर करावं. कानपूरच्या कारागिरांच्या बाबतीत तेवढं राहून गेलं.